त्रिनिदाद-टोबॅगो: मे महिन्याच्या सुट्टीत कॅरिबियनला जायचं तर

‘कॅरिबियनला जायचंय’ असं कोणी म्हटलं की आधी विचारावं, म्हणजे नेमकं कुठं? क्युबा वेगळा, जमैका वेगळा, बार्बाडोस आणखी वेगळा. प्रत्येकाचा व्हिसा आणि चलन निराळं, भाषाही सगळीकडे एक नाही. नुसती पांढरी वाळू, निळं पाणी आणि झोपाळा एवढंच हवं असेल तर स्पष्ट सांगतो, त्यासाठी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ नका. अंदमान किंवा मालदीव जवळ आहे आणि पाणी तिथंही तितकंच निळं आहे.

पण एवढा लांबचा पल्ला मारायचाच असेल, तर पहिल्या खेपेला माझं मत त्रिनिदाद आणि टोबॅगोला. ही दोन बेटं मिळून एक देश आहे आणि स्वभावानं दोघं सख्खे भाऊ वाटत नाहीत. त्रिनिदाद गोव्याहून थोडं मोठं आहे. तिथं तेल-वायूचे कारखाने, दलदलीतले लाल पक्षी, मंदिरं, मशिदी, कार्निव्हल आणि रस्त्यावरची चमचमीत खाद्यसंस्कृती आहे. टोबॅगो छोटं आणि निवांत, किनारे आणि प्रवाळ त्याच्याकडे. लोकसंख्या जेमतेम चौदा लाख, त्यात सुमारे ३५ टक्के लोक भारतीय वंशाचे. भाषा इंग्रजी आणि गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही आणि शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही.

आता कामाला लागू. पायऱ्या खाली ज्या क्रमानं दिल्या आहेत त्याच क्रमानं घ्या. बहुतेक जण हॉटेलापासून सुरुवात करतात. इथं हॉटेल सगळ्यात सोपं आहे, ते नंतर बघता येतं.

पहिली पायरी: महिना ठरवा

जानेवारी ते मे कोरडा काळ, जून ते डिसेंबर पावसाचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अधूनमधून काही आठवडे उघडीप असते. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, पण त्रिनिदाद व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून अवघ्या ११ किलोमीटरवर, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे उत्तरेकडच्या बेटांइतका मार त्याला बसत नाही. टोबॅगोला मात्र १९६३ मध्ये फ्लोरा वादळानं झोडपून काढलं होतं, तेव्हा ‘इथं वादळ येतच नाही’ असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका.

कार्निव्हल ख्रिस्ती उपवासाच्या काळाआधीच्या सोमवारी आणि मंगळवारी असतो. २०२७ मध्ये ८ आणि ९ फेब्रुवारीला. सोमवारी पहाटे अंधारातच ‘जूव्हे’ सुरू होतो, म्हणजे चिखल, रंग, तेल फासून रस्त्यावर नाचणं. आदल्या शनिवारी क्वीन्स पार्क सव्हाना मैदानावर स्टीलपॅनच्या, म्हणजे तेलाच्या पिंपांपासून घडवलेल्या पोलादी वाद्यांच्या, वाद्यवृंदांची ‘पॅनोरामा’ स्पर्धेची अंतिम फेरी होते. अनुभव जबरदस्त, पण खोल्यांचे भाव कित्येक पट चढतात आणि नाचणाऱ्या पथकात सामील व्हायचं तर पोशाखाची नोंदणी कित्येक महिने आधी करावी लागते. लहान मुलं किंवा वयस्कर आईवडील बरोबर असतील तर पहिल्या भेटीला हा काळ टाळा.

माझी पसंती मेचा दुसरा पंधरवडा. आपल्याकडे शाळांना सुट्टी असते, पावसाला अजून जोर नसतो. चामडी पाठीची महाकाय समुद्री कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, त्यांचा भर याच सुमारास असतो. आणि ३० मे रोजी ‘इंडियन अरायव्हल डे’ची सार्वजनिक सुट्टी असते. १८४५ मध्ये याच तारखेला ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधलेले, मजूर घेऊन त्रिनिदादला पोचलं. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं अशीच आली, बहुतेक भोजपुरी पट्ट्यातली, काही मद्रासकडची. ऊसमळ्यांत राबायला आणलेल्या या लोकांचे वंशज त्या दिवशी मिरवणुका काढतात, तासा हे ढोल वाजवतात, काही किनाऱ्यांवर बोटीतून उतरण्याचा प्रसंग सजीव करून दाखवतात. मे आणि ३० तारीख जुळवता आली तर जुळवाच.

दुसरी पायरी: मार्ग, आणि मार्गावरचा व्हिसा

देशाला व्हिसा लागत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. भारतातून थेट विमान नाही, त्यामुळे मधे कुठं तरी उतरावंच लागतं आणि खरी अडचण तिथं येते.

न्यूयॉर्क, मायामी किंवा ह्यूस्टनमार्गे गेलात तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही अमेरिकेचा व्हिसा लागतो, अमेरिकेत विनाव्हिसा ट्रान्झिट हा प्रकारच नाही. टोरांटोमार्गे कॅनडाचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे भारतीयांना साधारणपणे ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका किंवा कॅनडाचा वैध व्हिसा असेल तर काही सवलती आहेत, पण हीथ्रोहून गॅटविकला असा विमानतळ बदलायची वेळ आली तर इमिग्रेशन ओलांडावंच लागतं आणि सगळं गणित पालटतं. ज्यांच्याकडे यातला कुठलाच व्हिसा नाही त्यांना ॲमस्टरडॅममार्गे केएलएम या विमान कंपनीचा रस्ता सहसा सोपा पडतो. तिथं एकाच तिकिटावर पुढचं विमान असेल आणि तुम्ही आंतरराष्ट्रीय भागातच थांबलात तर भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. तरीही पैसे भरण्याआधी एअरलाइनला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. असे नियम बदलत राहतात आणि चेक-इन काउंटरवरचा माणूस तुमचं नाही, त्याच्या संगणकाचं ऐकतो.

‘एकाच तिकिटावर’ हे शब्द पुन्हा वाचा. थोडे पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली की मधल्या विमानतळावर सामान उचलून पुन्हा चेक-इन करावं लागतं, म्हणजे त्या देशात प्रवेश, म्हणजे पूर्ण व्हिसा.

मुलगा-सून न्यू जर्सीत किंवा टोरांटोत असेल आणि तुम्ही त्यांच्याकडे दोन-तीन महिन्यांसाठी जाणार असाल, तर तिथूनच त्रिनिदाद करा. न्यूयॉर्कहून थेट विमानानं साधारण पाच तास लागतात. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, एवढं तपासा. एच-वन-बीवर असलेल्यांनी पासपोर्टमधल्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत बघावी. कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या भेटीसाठी मिळणारी सूट इथंही चालेल असं धरून कुणी निघू नये, आधी कंपनीच्या वकिलाला विचारावं.

मुंबईहून घराच्या दारापासून राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमधल्या खोलीपर्यंत चोवीस तासांहून जास्त वेळ लागतो. भारत साडेनऊ तास पुढे आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळच्या फेरफटक्यापलीकडे काही ठरवू नका.

तिसरी पायरी: पिवळ्या तापाची लस

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. भारताच्या यादीत त्रिनिदाद हे पिवळ्या तापाचा धोका असलेलं ठिकाण आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र (ते पिवळं कार्ड) जवळ नसेल, तर विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवतात, सहा दिवसांपर्यंत. घरचे बाहेर गाडी घेऊन उभे आणि तुम्ही आत.

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रांवरच, ठरलेल्या दिवशी, आधी वेळ घेऊन देतात. मुंबईत आणि मुरगावला बंदर आरोग्य संघटनेची केंद्रं आहेत. बाकीच्या शहरांतली यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघा. पासपोर्ट बरोबर न्यावा लागतो. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं. म्हणजे निघण्याच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही, दीड-दोन महिने हाताशी ठेवा. केंद्रांवर लशीचा साठा संपल्याचे प्रसंगही येतात.

साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. नऊ महिन्यांखालच्या बाळांना ही लस देत नाहीत. ‘आम्ही फक्त टोबॅगोलाच जाणार’ या युक्तिवादावर विसंबू नका, वाट बहुतेकदा त्रिनिदादवरूनच जाते.

चौथी पायरी: बाकीची कागदपत्रं आणि पैसे

परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचा पत्ता आणि खर्चाची तजवीज असल्याचा पुरावा छापून ठेवा, इमिग्रेशनवर विचारतात. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने असलेली बरी. गाडी चालवायची असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढा, ते एक वर्ष चालतं. मूळ लायसन्सही बरोबर हवं.

चलन त्रिनिदाद-टोबॅगो डॉलर, सगळे ‘टीटी’ म्हणतात. एका अमेरिकी डॉलरला पावणेसातच्या आसपास टीटी मिळतात, म्हणजे एक टीटी ढोबळमानानं तेरा रुपये. अमेरिकी डॉलरचं फॉरेक्स कार्ड, थोडी अमेरिकी रोख आणि एक क्रेडिट कार्ड एवढं पुरतं. देशात परकीय चलनाचा कायम तुटवडा असतो, त्यामुळे टीटीचे पुन्हा अमेरिकी डॉलर करून घेणं अवघड जातं. लागेल तेवढेच काढा. हॉटेलनं सांगितलेल्या भावावर कर आणि सेवाशुल्क वेगळं चढतं, बुकिंग करताना सगळं धरून किती ते विचारा.

वीज ११५ व्होल्टची आणि प्लग अमेरिकी पद्धतीचे, दोन चपट्या पट्ट्यांचे. मोबाइल-कॅमेऱ्याचे चार्जर चालतात, घरून नेलेली पाणी तापवायची केटली मात्र नीट चालणार नाही.

आणखी एक. लष्करी छापाचे म्हणजे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे, टोपी किंवा सॅक नेऊ नका. सामान्य नागरिकानं ते वापरणं तिथं कायद्यानं गुन्हा आहे. मुलांच्या हाफ पँटीसुद्धा बघून घ्या.

पाचवी पायरी: रात्रींची वाटणी

दहा रात्री मिळाल्या तर चार पोर्ट ऑफ स्पेनला, दोन ग्रांद रिव्हिएर या ईशान्येच्या कासवांच्या किनाऱ्यावर आणि चार टोबॅगोला. सातच असतील तर ग्रांद रिव्हिएरची एक रात्र ठेवून बाकीच्यांत काटछाट करा. पण दोन्ही बेटं एकाच आठवड्यात ‘कव्हर’ करायचा अट्टहास धरून रोज बॅग बांधत बसू नका.

पोर्ट ऑफ स्पेनमध्ये वुडब्रुक हा भाग सोयीचा. एरियापिटा ॲव्हेन्यूवर खायच्या जागा भरपूर आहेत आणि क्रिकेटचं मैदानही याच भागात. सेंट क्लेअर, सेंट ॲन्स, कॅस्केड हे थोडे शांत. मोठ्या हॉटेलांपेक्षा घरगुती गेस्टहाउस घ्या. यजमान बोलघेवडे असतात आणि दुसऱ्या दिवशीचा बेत तेच सुधारून देतात.

सहावी पायरी: त्रिनिदाद

सुरुवात सव्हानापासून करा. २६० एकरांचं हे मैदान शहराचं फुप्फुस. कडेला शहाळीवाले उभे असतात आणि पश्चिमेच्या बाजूला ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सात जुन्या वास्तू ओळीनं आहेत. जवळच १८१८ मधली वनस्पतीबाग आहे. सकाळी जा. अंधार पडल्यावर तिथं रेंगाळू नका.

तिथून क्वीन्स पार्क ओव्हल. मराठी क्रिकेटवेड्याला हे सांगायला नको, पण तरुण मंडळींसाठी सांगतो. मार्च १९७१ मध्ये सुनील गावसकर आपली पहिली कसोटी इथं खेळले, ६५ आणि नाबाद ६७. अजित वाडेकर कर्णधार होते, मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी शतक ठोकलं आणि वेस्ट इंडीजविरुद्धचा भारताचा पहिला कसोटी विजय याच मैदानावर नोंदला गेला. मालिकेतली शेवटची कसोटीही इथंच झाली आणि तीत गावसकरांनी १२४ आणि २२० केल्या. पदार्पणाच्या त्या मालिकेत त्यांच्या एकूण ७७४ धावा झाल्या आणि त्रिनिदादच्या लोकांनी या पाहुण्या फलंदाजावर कॅलिप्सो, म्हणजे तिथलं लोकगीत, रचलं. पुन्हा १९७६ मध्ये चौथ्या डावात ४०३ धावांचं लक्ष्य भारतानं गाठलं तेही इथंच. साठीच्या पुढच्या एखाद्या टॅक्सीवाल्याकडे गावसकरांचं नाव काढून बघा, भाडं कमी होईलच असं नाही, पण प्रवास छान होतो.

दुपारी साडेतीनच्या आत कॅरोनी दलदलीच्या धक्क्यावर पोचा. राजधानीच्या दक्षिणेला महामार्गाला लागूनच ते आहे. कांदळवनातल्या अरुंद खाडीतून उघडी होडी तासभर आत जाते. वाटेत फांद्यांवर वेटोळे घालून बसलेले साप नावाडी दाखवतो, तुम्हाला स्वतःहून एकही दिसणार नाही. मग होडी एका मोकळ्या पाण्यात थांबते आणि सूर्य कलताना लाल शराटी थव्याथव्यानं एका बेटावर रात्रीच्या वस्तीला उतरायला लागतात. हे पक्षी खेकडे-कोळंबीसारख्या प्राण्यांतल्या रंगद्रव्यामुळे असे शेंदरी लाल होतात. त्रिनिदादचा हा राष्ट्रीय पक्षी. चोरून शिकार होत असल्यामुळे २०१८ पासून त्याला कडक कायदेशीर संरक्षण आहे. होडी बेटापासून बरीच लांब थांबते, त्यामुळे मोबाइलच्या फोटोत लाल ठिपकेच येतात. दुर्बीण न्या. डासांचं मलम आणि लांब बाह्यांचे कपडेही.

दुसरा दिवस मध्य त्रिनिदादसाठी. कारापिचाइमाला दत्तात्रेय योग केंद्राच्या आवारात ८५ फुटी हनुमान उभा आहे. आपल्याकडच्या दत्तभक्तांना एवढ्या दूर दत्ताचं स्थान बघून बरं वाटतं. पण माझ्या मते खरं दर्शन पुढे वॉटरलूला, समुद्रातल्या मंदिरात. सिवदास साधू नावाच्या मजुरानं १९४७ मध्ये किनाऱ्यावर एक छोटं मंदिर बांधलं. जमीन साखर कंपनीची. मंदिर पाडायला त्यांनी नकार दिला, तर चौदा दिवसांचा तुरुंगवास आणि दंड झाला, मंदिरही पाडलं गेलं. जमीन तुमची असेल पण समुद्र तर कुणाचाच नाही, असा विचार करून त्यांनी भरतीच्या पाण्यात पाचशे फूट आत नव्यानं काम सुरू केलं. सायकलवरून दगड-सिमेंट वाहून नेत पुढची पंचवीसएक वर्षं ते खपत राहिले. लाटांनी झिजलेली ती वास्तू १९९५ च्या सुमारास, भारतीयांच्या आगमनाच्या दीडशेव्या वर्षानिमित्त, सरकारी मदतीनं पुन्हा उभी राहिली. आता तिथं जायला पक्की वाट आहे. शेजारीच स्मशानघाट आहे, अंत्यविधी चालू असेल तर कॅमेरा आत ठेवा. जवळच्या इंडियन कॅरिबियन म्युझियममध्ये मळ्यांवरची भांडी, वाद्यं, कागदपत्रं बघायला मिळतात. जाण्याआधी ते उघडं आहे का ते फोनवर विचारून घ्या.

दक्षिणेत ला ब्रेआचं डांबराचं तळं आहे. तिथवर राजधानीहून दीड-दोन तास लागतात. सुमारे शंभर एकर पसरलेलं, जगातला नैसर्गिक डांबराचा सर्वांत मोठा साठा. पहिल्या नजरेला ते एखाद्या खराब झालेल्या पार्किंगच्या जागेसारखं दिसतं आणि बरेच जण दहा मिनिटांत वैतागून परत फिरतात. गाइड घेतलात तरच गंमत कळते. पायाखालची जमीन किंचित दबते, कुठं डांबर काठीवर तारेसारखं ओढून निघतं, पावसाच्या पाण्याच्या डबक्यांत गंधकाचा वास येतो. १५९५ मध्ये वॉल्टर रॅलेनं आपल्या जहाजांच्या फटी याच डांबरानं बुजवल्या होत्या. प्रवेशद्वारावरच्या केंद्रातला अधिकृत गाइडच घ्या, वाटेत गाडी अडवणाऱ्यांपैकी नको. मऊ भागात पाय रुततो, म्हणून स्वतःच्या डोक्यानं फिरू नका.

आता कासवं. ईशान्य किनाऱ्यावर माटुरा आणि ग्रांद रिव्हिएर इथं १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात रात्री किनाऱ्यावर जायला परवाना आणि प्रशिक्षित वाटाड्या लागतो. दोन्हीची व्यवस्था गेस्टहाउसवाले किंवा गावातली संरक्षण संस्था करते. कोकणात वेळासला ज्यांनी पिल्लं समुद्रात जाताना पाहिली आहेत त्यांना अंदाज असेल, पण इथं प्रत्यक्ष आई समोर येते. दीड-दोन मीटर लांब, वजन कित्येक क्विंटल. वाळू उकरून अंडी घालायला लागली की तिचं आजूबाजूला लक्ष राहत नाही, तेव्हाच वाटाड्या जवळ जाऊ देतो. फ्लॅश नाही, पांढरा टॉर्च नाही, फक्त त्याचा लाल दिवा. ग्रांद रिव्हिएरला जायचा रस्ता वळणावळणांचा, तीन तास लागतात. घाट लागणाऱ्यांनी गोळी घेऊनच बसावं. रात्री परतीचा प्रवास ठरवू नका, म्हणून तर तिथं मुक्काम.

मराकस समुद्रकिनारा राजधानीपासून पाऊणएक तासावर, डोंगरातून जाणाऱ्या सुंदर रस्त्यानं. तिथं लाटा मोठ्या असतात आणि आत ओढणारे प्रवाहही. जीवरक्षकांनी लावलेल्या झेंड्यांमध्येच उतरा. निवांत पोहायचं तर ते टोबॅगोसाठी राखून ठेवा.

सातवी पायरी: पोटोबा

सकाळचा नाश्ता हॉटेलात करू नका. कोपऱ्यावर डबल्सवाला शोधा. हळदीचा पिवळा मऊ ‘बारा’ म्हणजे तळलेली छोटी पोळी, अशा दोन आणि त्यांवर रसरशीत छोले, चिंचेची चटणी, काकडी, तिखट. कागदात गुंडाळून देतो आणि उभ्यानं, बोटं माखत खायचं. एकाला दहा टीटींपेक्षा कमी पडतात. ‘स्लाइट’ म्हटलं की तिखट बेतानं घालतो. कोल्हापूरकरांनी फुशारकीनं ‘हेवी’ मागण्याआधी एक घास खाऊन बघावा, तिथली स्कॉच बॉनेट मिरची लवंगीची मोठी बहीण आहे.

रोटीच्या दुकानात दोन प्रकार. डाळपुरीत वाटाण्याच्या डाळीचं कोरडं सारण असतं. दुसरी ‘बस-अप-शट’, तव्यावरच उलथन्यानं फाटक्या शर्टासारखी चिंध्या केलेली लुसलुशीत रोटी. बरोबर छोले-बटाटा, भोपळा, चवळीच्या शेंगा, कैरीची भाजी. फुलौरी, सहीना, बैगनी ही भजी संध्याकाळी. कलालू खाल्लंत तर अळूच्या फतफत्याची आठवण येईल, कारण ते अळूच्याच पानांचं, नारळाच्या दुधातलं. मात्र त्यात खेकडा किंवा डुकराची शेपटी घालायची पद्धत आहे, शाकाहारींनी ‘मीट, क्रॅब, पिगटेल, काहीच नाही ना?’ असं नाव घेऊन विचारावं. मासे खाणाऱ्यांसाठी मराकसचं ‘बेक अँड शार्क’ प्रसिद्ध आहे. शार्कची संख्या घटत चालली आहे, त्यामुळे तिथंच मिळणारा दुसरा मासा मागितलात तर मला जास्त आवडेल.

आठवी पायरी: टोबॅगो

त्रिनिदादच्या पियार्को विमानतळावरून टोबॅगो पंचवीस मिनिटांचं. फेरीबोट पोर्ट ऑफ स्पेनहून टोबॅगोतल्या स्कारबरोला साडेतीन-चार तासांत जाते. स्वस्त पडते, पण समुद्र खवळलेला असला तर सगळ्यांनाच सोसत नाही. ३० मेसारख्या सुट्टीला लागून जाणार असाल तर दोन्हींच्या जागा आधीच भरतात, कारण अख्खं त्रिनिदादही तेव्हा टोबॅगोलाच निघतं. आणि परत येताना टोबॅगो ते त्रिनिदाद हे विमान आणि घरचं विमान एकाच दिवशी धरू नका, मधे एक रात्र ठेवा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी क्राउन पॉइंटला राहावं. विमानतळ, पिजन पॉइंट आणि स्टोअर बे हे किनारे, सगळं चालत जाण्याच्या टप्प्यात. पिजन पॉइंटला तिकीट आहे, गवताच्या छपराचा तो लाकडी धक्का तुम्ही जाहिरातींत पाहिलेला असतो. तिथून काचेच्या तळाच्या होड्या बकू रीफ या प्रवाळाकडे नेतात आणि पुढे नायलॉन पूलला, म्हणजे भर समुद्रातल्या कमरेइतक्या स्वच्छ पाण्यात. पोहता न येणाऱ्यांसाठी ही सगळ्यात आनंदाची जागा. प्रवाळावर उभं राहू नका, होडीवाल्यानं ‘चालतं’ म्हटलं तरी.

एक दिवस गाडी घेऊन उत्तर किनाऱ्यानं वर जा. कास्टारा हे मच्छीमारांचं गाव, इंग्लिशमन्स बे, टोकाला शार्लटव्हिल. किनारे एकाहून एक आहेत आणि गर्दी क्राउन पॉइंटच्या मानानं नगण्य. परतताना डोंगररांगेवरचं मेन रिज वन बघा. १७७६ मध्ये पाऊस टिकावा म्हणून कायदा करून हे जंगल राखलं गेलं, पश्चिम गोलार्धातलं कायद्यानं राखलेलं सर्वांत जुनं वन म्हणून ते ओळखलं जातं. गिल्पिन ट्रेस ही पायवाट ओली आणि चिखलाची असते. बरोबर स्थानिक गाइड असेल तर शेपटीत पांढरी पिसं असलेला, एकेकाळी नामशेष झाला असं मानलेला गुंजनपक्षी दिसू शकतो. नसेल तर नुसती हिरवळ दिसते.

नववी पायरी: हिंडणं-फिरणं आणि सावधगिरी

टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवा. अधिकृत टॅक्सीची नंबरप्लेट ‘एच’नं सुरू होते. ‘पी’नं सुरू होणाऱ्या खासगी गाड्याही प्रवासी घेतात, त्यांत बसू नका. मॅक्सी-टॅक्सी म्हणजे ठरलेल्या मार्गावरच्या व्हॅन, अंगावरच्या पट्ट्याच्या रंगावरून दिशा कळते. दिवसा त्या छान आणि स्वस्त, रात्री मात्र गेस्टहाउसनं बोलावलेलीच गाडी घ्या.

गुन्हेगारीबद्दल गोडगोड बोलणार नाही. टोळ्यांच्या हिंसाचारामुळे डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये देशात आणीबाणी जाहीर झाली होती. हिंसा प्रामुख्यानं लावेंटील, सी लॉट्स, बीटम अशा पूर्व पोर्ट ऑफ स्पेनच्या वस्त्यांत असते आणि पर्यटकाला तिथं काही काम नसतं. तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवड्यात असं दोनदा ताज्या बातम्या आणि पोर्ट ऑफ स्पेनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचना बघा. व्हेनेझुएलाशी संबंधित तणावाच्या बातम्या असतील तर पश्चिमेकडच्या समुद्रातल्या बोटसफरी टाळा. सोन्याची साखळी, मंगळसूत्र घरी ठेवा. निर्जन किनाऱ्यावर एकट्यानं जाऊ नका, टोबॅगोतही.

परतताना

पिवळं कार्ड हातातल्या पिशवीत, पासपोर्टबरोबर. मिरचीच्या सॉसच्या बाटल्या मोठ्या बॅगेत, दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून. हातसामानात त्या काढून घेतात आणि मग वाईट वाटतं. स्थानिक कोकोचं चॉकलेट सुपरमार्केटमधून घ्या, विमानतळापेक्षा स्वस्त पडतं. उरलेले टीटी पियार्कोलाच खाण्यापिण्यात संपवा, मुंबई-पुण्यात ते बदलून घेणारा मिळणं कठीण.